विद्यार्थी लघुपट महोत्सवातील निवडप्रक्रिया : एक चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्रातील महाविद्यालयांमध्ये लघुपट महोत्सव भरवण्याची प्रथा चांगलीच रुजली आहे. एके काळी चित्रपट तयार करणे ही चित्रपटसंस्थेत शिकणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित बाब होती. डिजिटल कॅमेरा, त्यामागोमाग मोबाइलमधील कॅमेरा आणि घरच्या संगणकावर होऊ लागलेले संकलन यांमुळे ही मर्यादा उरली नाही. कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचा कोणताही विद्यार्थी आज दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट तयार करू शकतो. साहजिकच महोत्सवांकडे येणाऱ्या प्रवेशिकांची संख्या वाढली आणि त्यांतून निवड कशी करावी हा प्रश्न पुढे आला.

या प्रश्नाकडे मात्र पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. महोत्सवाच्या नियोजनात उद्घाटक कोण, सभागृह कोणते, स्मृतिचिन्हे किती, नॅकच्या अहवालासाठी छायाचित्रे कोण काढणार, या बाबींवर अनेक बैठका होतात. निवडीचे काम मात्र शेवटच्या आठवड्यात, अध्यापनाचा भार सांभाळून, दोन-तीन प्राध्यापकांवर सोपवले जाते. निवड म्हणजे कार्यक्रमपत्रिका भरण्याची व्यवस्था, असा समज त्यामागे असतो.

प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. निवड ही व्यवस्थापनाची बाब असण्याआधी समीक्षेची बाब आहे. प्रवेशिकेचा नियम, गुणपत्रिकेतील रकाना, परीक्षकाने लघुपट पाहण्याची रीत आणि नकाराचे पत्र या प्रत्येक ठिकाणी कलाकृतीविषयी एक मूल्यनिर्णय दडलेला असतो. तो उघड करणे आणि त्याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. रंगमंच आणि बंद खोली

मराठी महाविद्यालयीन जीवनाला स्पर्धेची परंपरा नवी नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून भरवलेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने अनेक पिढ्यांना रंगभूमीची ओळख करून दिली. लघुपट महोत्सवाचे नियोजन करणारे अनेक प्राध्यापक अशाच स्पर्धांच्या वातावरणात घडलेले असतात. त्यामुळे एकांकिका स्पर्धेचा साचा लघुपट महोत्सवावर नकळत बसवला जातो. प्राथमिक फेरी, अंतिम फेरी, परीक्षक, गुण, पारितोषिके अशी ही मांडणी असते.

या दोन व्यवहारांत एक मूलभूत भेद आहे. एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत दाखल झालेला प्रत्येक संघ रंगमंचावर प्रयोग करतो. त्याला प्रकाश मिळतो, प्रेक्षक मिळतात, हशा किंवा शांतता मिळते. अंतिम फेरीत न पोहोचलेल्या संघाचाही प्रयोग झालेला असतो. लघुपटाचे तसे नाही. त्याची प्राथमिक फेरी बंद खोलीत, एखाद्या परीक्षकाच्या संगणकावर पार पडते. तेथे नाकारलेला लघुपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचतच नाही. एकांकिका स्पर्धेतील नकार प्रयोगानंतर येतो, लघुपट महोत्सवातील नकार प्रयोगाच्या जागी येतो.

दुसरा भेद परीक्षणाच्या दृश्यतेचा आहे. एकांकिकेचे परीक्षक प्रेक्षकांत बसून तोच प्रयोग पाहतात. त्यामुळे त्यांच्या निर्णयावर चर्चा होऊ शकते. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक कोणत्याही संघास न देण्याचा निर्णय परीक्षकांनी घेतला तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. तो निर्णय योग्य होता की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. वाद होऊ शकला, कारण ज्यांवर निर्णय झाला ते प्रयोग इतरांनीही पाहिले होते. लघुपटाच्या पूर्वनिवडीबाबत असा वाद घालण्याची सोयच नसते. ज्या निर्णयाला कोणी साक्षीदार नाही, त्या निर्णयाची जबाबदारी अधिक असते. निवडप्रक्रियेच्या आखणीची गरज येथूनच सुरू होते.

२. निवडीचा अधिकार : इतिहासातील काही वळणे

निवड कोणी करावी हा प्रश्न चित्रपट महोत्सवांइतकाच जुना आहे. १९३२ मध्ये सुरू झालेल्या व्हेनिस महोत्सवात १९३८ साली सर्वोच्च पारितोषिके जर्मनीच्या ‘ऑलिंपिया’ आणि इटलीच्या ‘लुचानो सेर्रा, पिलोता’ या चित्रपटांना देण्यात आली. राजकीय दडपणाखाली झालेल्या या निर्णयामुळे फ्रान्समध्ये स्वतंत्र महोत्सवाची कल्पना पुढे आली. १९३९ मध्ये कान येथे भरणारा हा महोत्सव महायुद्धामुळे होऊ शकला नाही, तो प्रत्यक्षात १९४६ मध्ये भरला. म्हणजे जगातील आज सर्वाधिक प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या महोत्सवाचा जन्मच मुळी एका वादग्रस्त निर्णयातून झाला.

पण कानमध्येही दीर्घकाळ चित्रपट कोणता पाठवायचा हे त्या त्या देशाची शासकीय यंत्रणा ठरवत असे. १९७२ पासून ही पद्धत बदलली आणि निवडीचा अधिकार महोत्सवाने स्वतःकडे घेतला. हा बदल वरवर प्रशासकीय वाटतो. त्याचा अर्थ मात्र दूरगामी आहे. देशाचा प्रतिनिधी म्हणून चित्रपट पाहण्याऐवजी तो कलाकृती म्हणून पाहिला जाऊ लागला. विद्यार्थी महोत्सवासाठी यातून स्पष्ट बोध मिळतो. प्रत्येक महाविद्यालयाने अंतर्गत निवड करून एकच प्रवेशिका पाठवावी, असा नियम अनेकदा सोयीसाठी केला जातो. त्यामुळे पहिली आणि निर्णायक निवड महोत्सवाच्या हाती राहतच नाही. ती विभागप्रमुखांच्या पसंतीवर अवलंबून राहते आणि संस्थेच्या प्रतिमेला धक्का देणारा लघुपट उंबरठ्याच्या आतच अडतो.

विद्यार्थी चित्रपटांसाठी कान महोत्सवाने १९९८ मध्ये सिनेफोंदासिओं हा विभाग सुरू केला. तो आता ला सिनेफ या नावाने ओळखला जातो. २०२४ मध्ये या विभागाकडे ५५५ चित्रपटशाळांमधून २,२६३ प्रवेशिका आल्या आणि त्यांतून १८ निवडल्या गेल्या. त्या वर्षीचे पहिले पारितोषिक चिदानंद एस. नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटास मिळाले. तो पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील दूरचित्रवाणी विभागाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात तयार झाला होता. म्हातारीने कोंबडा पळवल्यामुळे गावात सूर्यच उगवत नाही, अशा लोककथेवर तो आधारलेला आहे. ‘सामाजिक संदेश’ हा रकाना असलेल्या गुणपत्रिकेत या लघुपटाला किती गुण मिळाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

नाकारलेल्यांचा इतिहासही तितकाच बोलका आहे. १८६३ मध्ये पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने नाकारलेल्या चित्रांसाठी स्वतंत्र प्रदर्शन भरवावे लागले. माने यांचे आज जगप्रसिद्ध असलेले एक चित्र तेथेच लोकांसमोर आले. मुंबईतही याला समांतर अशी घटना घडली. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने २००४ च्या सत्रासाठी केवळ भारतीय प्रवेशिकांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. माहितीपटकारांच्या विरोधानंतर ती मागे घेण्यात आली. पण पुढे निवडीतच अनेक प्रखर राजकीय माहितीपट वगळले गेले. तेव्हा माहितीपटकारांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला. राकेश शर्मा यांचा गुजरात दंगलींवरील ‘फायनल सोल्युशन’ हा नाकारला गेलेला माहितीपट तेथे दाखवण्यात आला आणि त्याच वर्षी त्याला बर्लिनमध्ये पुरस्कार मिळाला. नियमाने जे साधले नाही ते निवडीने साधता येते, हे या प्रसंगातून दिसते. म्हणूनच नियमांइतकीच निवडीची रीतही तपासून घ्यावी लागते.

३. गुणपत्रिकेत दडलेले सौंदर्यशास्त्र

महाविद्यालयीन महोत्सवांतील गुणपत्रिका साधारणतः एका वळणाची असते. विषय व आशय, पटकथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, अभिनय आणि सामाजिक संदेश असे रकाने व त्यांना ठरावीक गुण असतात. ही विभागणी निर्विवाद वाटते. प्रत्यक्षात तिच्यात कलेविषयीची एक विशिष्ट भूमिका गृहीत धरलेली असते.

मराठी समीक्षेत या प्रश्नाचा दीर्घ ऊहापोह झालेला आहे. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये सौंदर्यनिर्णयाची स्वायत्तता मांडली आणि कलाकृतीचा विचार तिच्या अंतर्गत लयबद्ध संघटनेच्या आधारे करण्याचा आग्रह धरला. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलेविषयीच्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन्ही भूमिकांचा विचार केला. दलित साहित्याने तर प्रस्थापित निकषांच्या सार्वत्रिकतेलाच आव्हान दिले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) हे त्या आव्हानाचे सैद्धांतिक रूप होय. जो मराठीचा प्राध्यापक वर्गात हे सर्व वाद शिकवतो, तोच महोत्सवाच्या दिवशी ‘आशय २०, तंत्र ४०’ अशी गुणपत्रिका निमूटपणे भरतो. यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

रकान्यांच्या या पद्धतीत दोन दोष संभवतात. पहिला दोष असा की, कलाकृतीचे घटक एकमेकांपासून तोडले जातात. उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ हा फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला लघुपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. एकटी आई चरितार्थासाठी घरात पिठाची गिरणी आणते आणि तिच्या आवाजाने मुलाचे भावविश्व ढवळून निघते. येथे गिरणीचा आवाज हाच कथेचा कणा आहे. ध्वनी, आशय आणि अभिनय यांना वेगवेगळ्या रकान्यांत गुण देऊ गेल्यास नेमके काय मोजले जाते, हे सांगणे अवघड होईल. ‘गिरणी’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अशा विभाजित गुणांची बेरीज म्हणून मिळाला असे म्हणता येणार नाही.

दुसरा दोष सामाजिक स्वरूपाचा आहे. छायाचित्रण, संकलन व ध्वनी यांना मिळून निम्मे गुण ठेवले की, साधनसामग्री आणि प्रशिक्षण असलेल्या संस्थेचा विद्यार्थी आरंभालाच पुढे असतो. तालुक्याच्या गावी, उसने घेतलेल्या मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या लघुपटात वाऱ्याचा आवाज येतो, प्रकाश कमी-जास्त होतो. त्यामुळे गुण कमी होतात. हे गुण त्याच्या दृष्टीचे नसून त्याच्या परिस्थितीचे असतात.

या संदर्भात नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’चे उदाहरण मननीय आहे. हा लघुपट कोणत्याही नामांकित चित्रपटशाळेत तयार झाला नव्हता. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकत असताना मंजुळे यांनी तो केला. शाळेत जाण्याची आस असलेल्या एका वंचित मुलाची ही कथा आहे. २०१० या वर्षासाठीच्या ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य चित्रपट विभागातील दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार त्यास मिळाला. पुढे ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांनी मराठी चित्रपटाची दिशा बदलली. या वाटचालीचा आरंभ एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयीन वर्गात झाला, ही बाब महोत्सवाचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. अशी प्रवेशिका आली तर ती ओळखण्याची सोय आपल्या प्रक्रियेत आहे काय, हीच त्या प्रक्रियेची खरी कसोटी होय.

याचा अर्थ तंत्राकडे दुर्लक्ष करावे असा नाही. संवाद ऐकूच येत नसेल तर लघुपट प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. भेद करायचा तो उणीव आणि निवड यांत. कॅमेरा हलतो आहे हे नोंदवणे पुरेसे नाही. तो हलल्यामुळे अर्थ बिघडतो, की घडतो, हे परीक्षकाने सांगितले पाहिजे.

४. सरासरीचा दोष

गुणांच्या पद्धतीचे समर्थन वस्तुनिष्ठतेच्या नावाने केले जाते. तीन परीक्षकांच्या गुणांची बेरीज केली की व्यक्तिगत आवडीनिवडी आपोआप गळून पडतात, असे मानले जाते. एका साध्या उदाहरणाने ही समजूत तपासता येईल. दहापैकी गुण देणाऱ्या तीन परीक्षकांनी एका लघुपटाला ६, ६ आणि ६ गुण दिले. त्याची बेरीज १८ झाली. दुसऱ्या लघुपटाला ९, ६ आणि २ गुण मिळाले. त्याची बेरीज १७ झाली. जागा एकच असेल तर पहिला लघुपट निवडला जाईल. तो कोणालाच खटकलेला नाही, पण कोणाला विशेष भावलेलाही नाही. दुसऱ्याने एका परीक्षकाला भारावून टाकले आणि एकाला अस्वस्थ केले. नवी वाट शोधणारी कलाकृती बहुधा याच दुसऱ्या प्रकारची असते. सरासरी तिला बाद करते.

दुसरी अडचण परीक्षकांच्या स्वभावभेदाची. प्रवेशिका वाटून घेतल्या जातात तेव्हा एक परीक्षक ३ ते ६ या पट्ट्यात गुण देतो, तर दुसरा ६ ते ९ या पट्ट्यात. पहिल्याचा ६ हा त्याच्या गठ्ठ्यातील सर्वोत्तम लघुपट असतो आणि दुसऱ्याचा ६ हा सर्वांत सामान्य. दोन्ही एकाच यादीत एकाच स्थानी येतात. उत्तरपत्रिका तपासणीत समन्वयाची गरज का भासते, हे प्राध्यापकांना अनुभवाने ठाऊक असते. लघुपटांच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो.

यावरील उपाय अवघड नाहीत. परीक्षणाच्या आरंभी सर्व परीक्षकांनी तेच पाच लघुपट एकत्र पाहून चर्चा करावी, म्हणजे एकमेकांच्या फूटपट्ट्या समजतात. गुणांऐवजी ‘निवडावा’, ‘चर्चा व्हावी’, ‘निवडू नये’ असे तीनच शेरे असावेत आणि प्रत्येक शेऱ्यासोबत दोन-तीन वाक्यांचे कारण असावे. शिवाय प्रत्येक परीक्षकाला एका लघुपटाच्या पाठराखणीचा अधिकार द्यावा. इतरांचे मत विरोधी असले तरी, लेखी कारण देऊन तो एक लघुपट अंतिम यादीत आणू शकेल. या अधिकारामुळे एखादा फसलेला लघुपट यादीत येण्याचा धोका आहे. पण केवळ निर्दोष लघुपटांचा महोत्सव करण्यापेक्षा हा धोका पत्करणे विद्यार्थी महोत्सवाच्या हेतूशी अधिक सुसंगत ठरते.

५. वेळेचे गणित

निवडीच्या दर्जावर सर्वाधिक परिणाम करणारी बाब म्हणजे वेळ. समजा, एका महोत्सवाकडे सरासरी १२ मिनिटांचे १२० लघुपट आले. ते एकदा पाहण्यास १,४४० मिनिटे, म्हणजे २४ तास लागतात. प्रत्येक लघुपट किमान दोघांनी पाहायचा तर ४८ तास लागतील. सहा जणांचे मंडळ असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ४० लघुपट व ८ तास येतात. प्रत्येक लघुपटानंतर टिपण करण्यास पाच मिनिटे धरली तर त्यात सुमारे सव्वातीन तासांची भर पडते. दिवसाला दहाच लघुपट पाहिल्यास हे काम चार दिवसांत, रोज पावणेतीन-तीन तास देऊन, नीट होऊ शकते. तेच काम दोन प्राध्यापकांनी दोन रात्रींत करायचे ठरवले तर दहा मिनिटांचा लघुपट दोन मिनिटांत ‘पुढे सरकवत’ पाहिला जाणार, हे उघड आहे.

लघुपट पुढे सरकवत पाहणे ही केवळ घाई नव्हे. त्यामुळे निकषच बदलतो. पहिल्या मिनिटात लक्ष वेधून घेणारा, चटपटीत संवादांचा, शेवटी कलाटणी देणारा लघुपट अशा पाहणीत तरून जातो. संथ लयीचा, दृश्यातून हळूहळू उलगडणारा लघुपट बुडतो. लय हे ज्या कलेचे प्राणतत्त्व, तिच्यातील लयच या पाहणीत हरवते.

पाहण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पस्तिसाव्या लघुपटापर्यंत पोहोचलेला परीक्षक थकलेला असतो. सर्वांनी एकाच क्रमाने पाहिल्यास यादीच्या शेवटी असलेल्या प्रवेशिकांवर दुहेरी अन्याय होतो. म्हणून प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवावा.

याच गणिताची दुसरी बाजू प्रदर्शनाची आहे. दोन दिवसांत, चर्चेचा वेळ वगळून, ३०० मिनिटे हाती असतील तर २५ लघुपट दाखवता येतात. उरलेले ९५ नाकारावे लागतात. ही संख्या प्रवेशिका मागवतानाच नियोजकांसमोर असली पाहिजे. अन्यथा अधिक प्रवेशिका म्हणजे अधिक यश, असा भ्रम निर्माण होतो.

६. निवड मंडळ आणि निर्णयाची अंतिमता

मंडळात कोण असावे याइतकाच, मंडळाचा निर्णय अंतिम मानला जातो काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमा विभागासाठी सुजॉय घोष यांच्या अध्यक्षतेखालील तेरा सदस्यांच्या मंडळाने निवडलेले दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून वगळले. सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम ‘एस दुर्गा’ आणि रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ हे ते चित्रपट होत. घोष यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरही ‘एस दुर्गा’ महोत्सवात दाखवला गेला नाही. त्याच वर्षी केरळच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सवात रोहित वेमुला, काश्मीर आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील आंदोलन या विषयांवरील तीन चित्रपटांना प्रमाणपत्रातून सूट नाकारण्यात आली. चलत्चित्र अधिनियम, १९५२ च्या कलम ९ नुसार अशी सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि महोत्सव त्या सुटीवर अवलंबून असतात.

महाविद्यालयीन पातळीवर हा हस्तक्षेप आदेशाच्या रूपाने क्वचितच येतो. ‘पाहुण्यांसमोर हा विषय नको’, ‘संस्थाचालकांना आवडणार नाही’, ‘पालक काय म्हणतील’ अशा सूचक वाक्यांतून तो येतो. अनेकदा तो यायच्या आधीच परीक्षक स्वतः सावध होतात. जात, लैंगिकता किंवा संस्थेतील गैरव्यवहार यांवरील लघुपट मग ‘तांत्रिकदृष्ट्या कमकुवत’ ठरतो. कारण एक आणि नोंद दुसरी, ही निवडप्रक्रियेतील सर्वांत घातक गोष्ट होय. एखादा लघुपट कायदेशीर अडचणीमुळे दाखवता येत नसेल तर तसे स्पष्ट नोंदवावे. त्यास कलात्मक दोषाचे रूप देऊ नये.

७. निवडप्रक्रियेचा आराखडा

वरील चिकित्सेच्या आधारे एक व्यवहार्य आराखडा पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(अ) नियमपत्रक : महोत्सवाच्या किमान तीन महिने आधी ते प्रसिद्ध व्हावे. लघुपटाची कमाल लांबी, विद्यार्थी कोणास म्हणायचे, लघुपट कोणत्या कालावधीत तयार झालेला असावा, हे त्यात निःसंदिग्ध असावे. संगीताच्या वापराची परवानगी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण केलेली दृश्ये वा आवाज यांचा उल्लेख प्रवेशिकेतच मागवावा. निवडीचे निकष व मंडळाची रचना जाहीर करावी. प्रवेश शुल्क शक्यतो नसावे.

(आ) भाषा : इंग्रजी सबटायटल्सची सरसकट सक्ती टाळावी. अहिराणी, मालवणी, गोंडी, कोकणी अशा भाषांतील लघुपटांना मराठी सबटायटल्स पुरेशी मानावीत. बोलीतील संवाद परीक्षकाला कळला नाही, हा लघुपटाचा दोष ठरू नये.

(इ) प्राथमिक छाननी : या टप्प्यावर केवळ लांबी, पात्रता आणि फाइल चालते की नाही एवढेच पाहावे. फाइलमध्ये दोष असल्यास विद्यार्थ्याला दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी. गुणवत्तेचा निर्णय येथे होऊ नये.

(ई) मंडळ : सहा ते आठ सदस्य असावेत. त्यांत भाषा, समाजशास्त्र व माध्यम विषयांचे प्राध्यापक, एक बाहेरील चित्रपट अभ्यासक आणि प्रवेशिका न दिलेले दोन विद्यार्थी यांचा समावेश व्हावा. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या रसास्वाद अभ्यासक्रमाचा लाभ घेतलेले प्राध्यापक अनेक महाविद्यालयांत आहेत, त्यांना आवर्जून घ्यावे. आपल्या संस्थेच्या प्रवेशिकेवर कोणीही मत नोंदवू नये आणि तिच्या चर्चेच्या वेळी बैठकीतून बाहेर जावे.

(उ) पूर्वनिवड : प्रत्येक लघुपट दोघांनी स्वतंत्रपणे व संपूर्ण पाहावा. दोघांचाही शेरा ‘निवडू नये’ असेल तरच तो बाजूला ठेवावा. मतभेद असल्यास तिसऱ्याने पाहावा.

(ऊ) एकत्र बैठक : ‘चर्चा व्हावी’ असा शेरा मिळालेले लघुपट सर्वांनी सभागृहात, मोठ्या पडद्यावर पाहावेत. मोबाइलवर अस्पष्ट वाटलेले दृश्य पडद्यावर बोलू लागते आणि आकर्षक वाटलेले कधी पोकळ ठरते. पाठराखणीचा अधिकार याच बैठकीत वापरावा.

(ए) कार्यक्रमाची रचना : निवडलेले लघुपट कोणत्या क्रमाने दाखवायचे हा निवडीचाच भाग आहे. एकाच विषयावरील चार लघुपट सलग ठेवल्यास चौथा निष्प्रभ होतो.

(ऐ) पारितोषिके : अंतिम परीक्षक पूर्वनिवड मंडळाहून वेगळे असावेत. पारितोषिकांची संख्या कमी आणि परीक्षकांचे लेखी मनोगत विस्तृत असावे.

८. नकाराची भाषा

निवडप्रक्रियेचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे नकार. बहुतेक महोत्सव निवडलेल्यांची यादी लावतात आणि इतरांना काहीच कळवत नाहीत. काही ठिकाणी एकसारखा मजकूर असलेले पत्र पाठवले जाते. व्यावसायिक महोत्सवांना हजारो प्रवेशिकांमुळे ते कदाचित क्षम्य असेल. शिक्षणसंस्थेला मात्र ते शोभत नाही. विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधावर शेरा न देता तो परत करणाऱ्या शिक्षकास जसे आपण कर्तव्यच्युत म्हणू, तसेच येथेही म्हणावे लागेल.

परीक्षकांनी प्रत्येक लघुपटासाठी दोन-तीन वाक्यांचे कारण आधीच लिहिलेले असल्यास ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणे कठीण नाही. ‘प्रयत्न चांगला आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे कारण नव्हे. ‘आजी दार उघडते ते दृश्य लघुपटाने जे सांगायचे ते सर्व सांगते, त्यानंतरचे निवेदन अनावश्यक वाटते’ हे कारण आहे. अशा एका वाक्यातून विद्यार्थ्याला आपला लघुपट कोणीतरी खरोखर पाहिला याची खात्री पटते आणि पुढच्या लघुपटासाठी काही हाती लागते.

याशिवाय, न निवडलेले लघुपट विद्यार्थ्यांच्या संमतीने महोत्सवाच्या काळात एखाद्या वर्गखोलीत दाखवण्याची व्यवस्था करता येते. त्यासाठी एक प्रोजेक्टर आणि वेळापत्रक पुरे. एकांकिकेच्या प्राथमिक फेरीत सहभागी संघाला जो प्रयोग लाभतो, तो लघुपटालाही असा लाभू शकेल आणि निवड मंडळाच्या निर्णयाला साक्षीदारही मिळतील.

समारोप

सारांशरूपाने असे म्हणता येईल की, विद्यार्थी लघुपट महोत्सवाची प्रतिष्ठा त्याच्या पाहुण्यांवरून वा प्रवेशिकांच्या संख्येवरून ठरत नाही. ती त्याच्या निवडीच्या प्रामाणिकपणावरून ठरते. गुणांची बेरीज ही समीक्षेला पर्याय होऊ शकत नाही. निकष जाहीर असणे, लघुपट संपूर्ण पाहिला जाणे, मतभेदाला जागा असणे, खरे कारण नोंदवले जाणे आणि ते विद्यार्थ्याला कळवले जाणे, या पाच गोष्टी कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातल्या आहेत. त्यांसाठी मोठ्या निधीची नव्हे, तर प्राध्यापकांच्या वेळेची आणि सचोटीची गरज आहे. पंचवीस लघुपट निवडणे हे मंडळाचे काम आहेच. पण उरलेल्या पंचाण्णव विद्यार्थ्यांना पुन्हा कॅमेरा हाती घ्यावासा वाटेल अशा रीतीने नकार देणे, हे त्याहून अवघड आणि शिक्षणसंस्था म्हणून अधिक मोलाचे काम होय.